तात्या विंचू आणि मागचा बाक

मंडळी, निवृत्त मास्तरानं खुनाखुनीच्या पिक्चरवर लिहावं हे कुणाला पटायचं नाही. पण नातवाच्या नादानं गेली काही वर्षं मी हे 'स्लॅशर' सिनेमे आवडीनं बघतो. सुरा घेतलेला एक खुनी, आणि एकेक करून गळणारी माणसं. इंग्रजी फारसं समजत नाही (आमचं बी. ए. मराठी माध्यमातलं), पण भीतीला भाषा कमी लागते, कान जास्त.

'हॅलोविन'ला (१९७८) दिग्दर्शक जॉन कारपेंटरनं स्वतःच संगीत दिलं. पियानोचे तेच ते सूर, पण पाच मात्रांत. आम्हा भजनी मंडळींचा कान आठ मात्रांत मुरलेला. सम आता येईल म्हणून वाट बघावी, तर ती कधीच येऊन गेलेली! २००७ साली रॉब झॉम्बीनं तो सिनेमा पुन्हा काढला, पण खुन्याचं बालपणच उलगडून सांगत बसला. कारण कळलं की भीती निम्मी होते, असं आपलं माझं मत.

असो. आपल्याकडचा अस्सल नमुना म्हणजे महेश कोठारेंचा 'झपाटलेला' (१९९३). त्याचं मूळ अमेरिकन 'चाइल्ड्स प्ले'मध्ये (१९८८). मरता मरता गुंड मंत्र म्हणून बाहुल्यात शिरतो, आणि ज्याला आपलं गुपित पहिल्यांदा सांगितलं त्याच्याच देहात त्याला पुन्हा जाता येतं. एवढं तिकडून आलं. पण तिकडे तो 'पहिला' म्हणजे सहा वर्षांचं पोर. बाहुला बोलतो, मारतो, असं ते सांगतं. लेकराचं कोण ऐकणार? कोठारेंनी त्या जागी लक्ष्मीकांत बेर्डेंचा लक्ष्या आणला आणि त्याला बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा केलं. आता असा माणूस 'बाहुला बोलला' म्हणाला, तर कोण खरं मानील? मला तरी ही युक्ती मुळापेक्षा सरस वाटते. आणि ती मराठीतच सुचावी, कारण वाय. के. पाध्यांचा अर्धवटराव आपल्याकडे आधीपासून बोलत होता. त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनीच तात्या विंचू घडवला. आवाज दिलीप प्रभावळकरांचा. तो मंत्र इथं लिहीत नाही, तुम्हाला पाठच असेल.

२०१९च्या नव्या 'चाइल्ड्स प्ले'त आत्मा गेला आणि चिप आली. त्याचं संगीत मात्र बेअर मॅक्रिअरीनं खेळण्यातल्या वाद्यांवर केलं आहे, ते जरूर ऐका.

आता माझी गोष्ट. १९९४ साल. सेनगाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं (हिंगोली जिल्हा १९९९चा). गणपतीत पोरांनी कलर टीव्ही अन् व्हीसीआर भाड्यानं आणून 'झपाटलेला' लावला. दोन दिवसांनी सातवीच्या वर्गात मी फळ्यावर लिहीत असताना मागच्या बाकावरून हुबेहूब तात्याचा आवाज आला. वळून बघतो तर एका पोराच्या मांडीवर बाहुला. चिंध्यांचं अंग, करवंटीचं डोकं.

"कोण बोललं रे?"

"म्या नाही सर, बाहुला बोलला."

वर्ग हसला. मी त्याला दोन छड्या मारल्या, बाहुला कपाटात कोंडला आणि अंधश्रद्धेवर अर्धा तास बोललो. अर्धा तास! खरं तर मी वळल्यावरही बाहुला एकदा बोलला होता, आणि माझी नजर पोराच्या तोंडावर होती. त्याचे ओठ हलले नव्हते. एवढी कला त्याला कुणी शिकवली, हे मी विचारलं नाही. वर्गात पुन्हा तो आवाज आला नाही.

मागच्या वर्षी बाजारात तो भेटला. कानापाशी केस पिकलेत, भुसारचं दुकान टाकलंय म्हणाला. पाया पडला, घरच्यांची चौकशी केली. निघताना हसत म्हणाला, "सर, माझा बाहुला हाय का हो अजून कपाटात?"

ते कपाट मी निवृत्त व्हायच्या आधीच भंगारात गेलं होतं.

"बघतो," म्हणालो.