सोळा आणे

परवा नातू संगणकाचा अभ्यास करता करता म्हणाला, "आजोबा, आपल्या 'अ'चा क्रमांक ०९०५. पण हे नऊशे पाच नव्हेत, सोळाच्या हिशेबातले आहेत."

मी कागद ओढला. शेवटचे ५ म्हणजे आणे. आधीचे ९० म्हणजे सोळा नवे १४४ रुपये. एकूण आणे २३०९. नातवाचं उत्तरही २३०९! आपण अंकांच्या बेरजेवरून नऊचा भाग ओळखतो, इथे पंधराचा ओळखता येतो. ९ आणि ५ चौदा. २३०९ला १५ने भागलं तर बाकी १४च.

१ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले तेव्हा मी दुसरीत होतो. सोळा आण्यांचं निम्मं करत जा: अधेली, पावली, चवली, आणा. अपूर्णांक कुठेच नाही. शंभराचं दोनदा निम्मं केलं की पंचवीस, पुढे साडेबारा. आण्याचे सव्वासहा पैसे होत, मिळत सहाच. आई विचारायची, "पाव पैसा गेला कुठे?"

१९६४ साली 'नवे' हा शब्दही गेला. त्याच वर्षी अमेरिकेत आयबीएमने 'सिस्टिम ३६०' हा संगणक जाहीर केला. त्यात हिशेब सोळाचा, नऊच्या पुढे ए ते एफ. कारण संगणकाला दोनच अंक कळतात, आणि दोनाची चार वेळा दुप्पट केली... नव्हे, एकाची चार वेळा दुप्पट केली की सोळा. (मास्तरही चुकतात!)

पुढे शिक्षक झाल्यावर मीच मुलांना सांगितलं, "पावकी-निमकी सोडा, आता काय उपयोग?" आज त्या मुलांची माफी मागावीशी वाटते.

असो. तुमच्यापैकी कुणाला पावकी अजून येते का?