नारू सापडला, पट्टकृमी का सापडत नाही?

१९८४ साली शोधपथकांनी देशातील नारूचे रुग्ण मोजले, तेव्हा आकडा निघाला ३९,७९२. सात राज्ये, ८९ जिल्हे, १२,८४० गावे. त्या सात राज्यांत महाराष्ट्रही होता. पुढे बाराच वर्षांनी, जुलै १९९६ मध्ये, जोधपूर जिल्ह्यात शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त ठरवले. या रोगावर ना लस होती, ना औषध.

मग हे साधले कसे? बरेचसे श्रेय खुद्द नारूलाच द्यावे लागते. पायविहिरीतले पाणी न गाळता प्यायले की त्यातील सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जीवासोबत नारूची अळी पोटात जाते. साधारण वर्षभराने जवळजवळ हातभर लांबीचा कृमी पायाची कातडी फोडून बाहेर डोकावतो. आग शमवायला माणूस पाय पाण्यात घालतो आणि कृमी लाखो अळ्या त्याच पाण्यात सोडतो. पायऱ्या उतरून, पाय बुडवून पाणी भरावे लागणारी विहीर म्हणजे नारूला आयते घरच.

काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा कृमी ओढून काढण्याची रीत जुनी. ‘भावप्रकाशा’त या रोगाला ‘स्नायुक’ म्हटले आहे. १८५०च्या दशकात मुंबईत कार्टर नावाच्या लष्करी डॉक्टराने नारूचा संबंध तळ्यातील सूक्ष्म कृमींशी जोडला, पण त्याने भलताच कृमी धरला होता. सायक्लॉप्सचे कोडे उलगडले ते रशियन संशोधक फेडचेन्को याने, १८७० मध्ये.

१९८३-८४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत आरोग्य कर्मचाऱ्याला सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती. देवीच्या मोहिमेने घरोघर फिरण्याची सवय लावलेलीच होती. दारात उभे राहून विचारायचे, ‘घरात कुणाला नारू झालाय का?’ उत्तर पायावर दिसत असे. त्यानंतर पायविहिरी बंदिस्त करणे, हातपंप बसवणे, गाळणीचे कापड वाटणे, पाण्यात टेमेफॉस टाकणे ही कामे होती. कष्टाची, पण कुठे करायची ते ठाऊक असलेली.

आता तोच कर्मचारी अकोला जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याजवळच्या हिवरखेडला दारोदार फिरतो आहे आणि पट्टकृमीबद्दल विचारतो आहे, अशी कल्पना करा. काय उत्तर मिळेल? ज्याच्या आतड्यात काही मीटर लांबीचा टीनिया सोलियम वस्तीला आहे, त्याला बहुधा त्याचा पत्ताही नसतो. दुखत नाही, ताप नाही. हा कृमी येतो अर्धकच्च्या डुकराच्या मांसातील पुटीतून. १८५५ मध्ये क्युखेनमायस्टर या जर्मन डॉक्टराने फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याला नकळत अशा पुटी खाऊ घातल्या आणि फाशीनंतर त्याच्या आतड्यात कोवळे पट्टकृमी शोधून काढले. शोध खरा, पण रीत अंगावर काटा आणणारी.

खरे संकट मात्र आतड्यात नाही. वाहकाच्या विष्ठेतील अंडी हात, भाजी किंवा पाण्यावाटे दुसऱ्याच्या पोटात गेली, तर अळ्या मेंदूत जाऊन पुटी करतात आणि फिट येऊ लागते. त्यासाठी मांस खावेच लागत नाही. आयुष्यभर माळ घातलेल्या माणसालाही हे होते. डुक्कर पाळणाऱ्या वस्तीकडे बोट दाखवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की अंडी डुकरातून नव्हे, माणसातून येतात.

भारतात नोकरी केलेल्या ब्रिटिश सैनिकांना परतल्यावर, कधी कधी कित्येक वर्षांनी, झटके येऊ लागत. १९३०च्या दशकात मॅकआर्थर या लष्करी डॉक्टराने त्यामागे या पुटी असल्याचे दाखवले. १९६१ मध्ये डिक्सन आणि लिप्सकॉम्ब यांनी अशा ४५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सैनिकांची निदान वैद्यकीय कागदपत्रे होती. खेड्यातल्या मुलीच्या वाट्याला मांत्रिक आणि मोडलेली सोयरीक येई. कायदाही तिच्या बाजूने नव्हता: १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणाऱ्या अपस्माराच्या झटक्यांचा उल्लेख विवाहाआड येणारी बाब म्हणून घातला गेला. तो वगळला गेला १९९९ मध्ये.

वाहक शोधायचा तर प्रत्येकाच्या हाती शौचाच्या नमुन्याची डबी द्यावी लागते. लोक लाजतात, डब्या रिकाम्या परततात. आलेल्या नमुन्यात अंडी रोज सापडतातच असे नाही. आणि सापडली तरी ती गोमांसातून येणाऱ्या पट्टकृमीची की डुकराच्या, हे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येत नाही. विष्ठेतील प्रतिजन ओळखणारी चाचणी अधिक नेमकी, पण तिला प्रयोगशाळा लागते.

पेरू देशाच्या तुंबेस प्रांतात संशोधकांनी चाळणी तपासणी आणि सरसकट उपचार दोन्ही करून पाहिले. शेवटी वाहक हुडकत बसण्याऐवजी १०७ गावांतील माणसांना निक्लोसामाइड दिले गेले, डुकरांना औषध आणि लस दोन्ही. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: १०७ पैकी १०५ गावांत संसर्गाची साखळी तुटली होती. डुकरांसाठीची ती लस आता हैदराबादच्या एका कंपनीतही तयार होते.