धर्मगुरूंवांचून दोनशें वर्षें
नागासाकीच्या ख्रिस्तसभेची हकीकत

ज्युबिलीच्या ह्या मंगल समयीं ख्रिस्तमंदिराचा पाया कोणीं घातला, घंटा कोठून आणिली, मनोरा कोणत्या सालीं उभा राहिला, हा इतिहास सांगण्याची रीत आहे व ती योग्यच आहे. परंतु ज्यांच्यापाशीं दोनशें वर्षें ना मंदिर होतें, ना घंटा, ना धर्मगुरु, अशा एका ख्रिस्ती समाजाची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण श्रद्धा ही ज्याच्या त्याच्या अंतःकरणाची बाब आहे, घरीं एकांतांत प्रार्थना केली म्हणजे पुरे, रविवारीं चारचौघांत जाऊन अधिक तें काय मिळावयाचें, असें म्हणणारे आपल्यांतहि भेटतात. त्यांना वादानें उत्तर देण्यापेक्षां इतिहासानें दिलेलें उत्तर ऐकविणें आम्हांस अधिक बरें वाटतें.

जपानांतील नागासाकी शहर आपणांस अगदींच परकें नाहीं. आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ह्यांनीं इतर पंचवीस जणांसह ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं तेथील टेकडीवर क्रुसावर आपलें रक्त सांडलें. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांनीं १५४९ सालीं जपानांत पेरलेलें बीं तोंवर चांगलें रुजलें होतें. पुढें १६१४ सालीं तेथील राज्यकर्त्यांनीं ख्रिस्ती धर्मास बंदी केली, मंदिरें पाडलीं व धर्मगुरूंना देशोधडीस लाविलें. लपून राहिलेल्यांपैकीं शेवटचे धर्मगुरु मान्सियो कोनिशी हे १६४४ सालीं हुतात्मा झाले. त्यानंतर मिस्सा नाहीं, पापनिवेदन नाहीं. उरला तो केवळ बाप्तिस्मा.

मग श्रद्धा टिकली कशी? नागासाकीजवळच्या उराकामी गांवच्या गरीब शेतकऱ्यांनीं आपसांत कामें वांटून घेतलीं. एकानें पंचांग सांभाळावें व प्रार्थना चालवावी. त्यास ते 'चोकाता' म्हणत. दुसऱ्यानें बाप्तिस्मा द्यावा, तो 'मिझुकाता'. तिसऱ्यानें घरोघर जाऊन आज सण कीं उपवास हें कळवावें, तो 'किकियाकु'. लॅटिन व पोर्तुगीज शब्दांच्या प्रार्थना बापानें मुलास तोंडीं शिकवाव्या, आणि रात्रीं दारें लावून सर्वांनीं मिळून त्या हळू आवाजांत म्हणाव्या, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. एक विसरला तर दुसऱ्यानें सांवरून घ्यावें.

त्यांच्या दुर्बलतेची गोष्टहि लपवूं नये. दरवर्षीं त्यांना अधिकाऱ्यांसमोर ख्रिस्ताची किंवा पवित्र मरियेची प्रतिमा पायांखालीं तुडवावी लागे. ते ती तुडवीत. आणि घरीं येऊन एकत्र बसून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. आम्ही त्यांचा गौरव करीत नाहीं, व त्यांना दोष देण्याचेंहि धाडस करीत नाहीं. इतकें मात्र खरें कीं, पडलेला मनुष्य एकटा असता तर पडलेलाच राहता. शेजारीं गुडघे टेकून बसलेल्यांनीं त्यास उठविलें.

परकीयांसाठीं नागासाकीस बांधलेलें ओउरा येथील मंदिर ह्याच सव्वीस हुतात्म्यांस अर्पण केलें होतें. १७ मार्च १८६५ रोजीं फ्रेंच धर्मगुरु फादर पेतीजां तेथें प्रार्थना करीत असतां उराकामीचीं कांहीं माणसें आंत आलीं. त्यांतील एका स्त्रीनें हळूच सांगितलें कीं, आमचें अंतःकरण आपल्यासारखेंच आहे. आणि पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे, असें विचारिलें. आपण दुःखकाळ पाळीत असून आज त्याचा सतरावा दिवस आहे, असेंहि ते म्हणाले. त्या वर्षीं राखेचा बुधवार १ मार्च रोजीं होता. गणना बिनचूक होती. एकट्या माणसाची स्मृति इतकीं वर्षें दिवस मोजूं शकली असती काय?

परीक्षा तेवढ्यानें संपली नाहीं. १८६७ सालीं त्यांची धरपकड झाली. छळ असह्य होऊन बहुतेकांनीं धर्म सोडल्याचें कबूल केलें. ताकागी सेन-एमोन मात्र ढळला नाहीं. सुटून घरीं आल्यावर आप्तांचे चेहरे पाहून इतरांस आपल्या कृत्याची लाज वाटली, आणि त्यांनीं आपण होऊन आपला नकार परत घेतला. पुढें सुमारें ३,४०० जणांस निरनिराळ्या प्रांतांत हद्दपार केलें गेलें. सहाशेंहून अधिक जण तिकडेच मरण पावले. १८७३ सालीं बंदी उठली व उरलेले परतले. ज्या गांवप्रमुखाच्या वाड्यांत प्रतिमा तुडवावी लागे, तीच जागा विकत घेऊन त्यांनीं तेथें आपलें ख्रिस्तमंदिर बांधिलें. पश्चात्तापाचें ह्याहून बोलकें स्मारक आम्हांस ठाऊक नाहीं.

९ ऑगस्ट १९४५ रोजीं अणुबाँबनें तें मंदिर उद्ध्वस्त झालें. त्या धर्मग्रामांतील सुमारें बारा हजार भाविकांपैकीं साडेआठ हजार मृत्यु पावले. राहिलेल्यांनीं ढिगाऱ्यांतून एक अभंग घंटा काढिली, आणि त्याच वर्षीं नाताळांत ती वाजविली. १९५९ सालीं मंदिर पुन्हां उभें राहिलें.

धर्मबंधुभगिनींनो, जें त्यांस दोनशें वर्षें मिळालें नाहीं, तें मिस्साबलिदान आपल्या वेदीवर होत असतें. रविवारीं आपल्या बांकावर आपली जागा रिकामी राहते, तेव्हां केवळ आपलीच हानि होते असें नाहीं. शेजारीं बसणाऱ्याचाहि आधार तितका कमी होतो. कदाचित् त्याच दिवशीं त्याची श्रद्धा डळमळत असेल, आणि आपल्या मुखांतील 'आमेन' ऐकूनच त्याला धीर यावयाचा असेल. नागासाकीच्या त्या गरीब शेतकऱ्यांप्रमाणें आपणहि एकमेकांस सांवरून धरावें, हीच ह्या ज्युबिलीच्या दिवशीं संत गोन्सालो ह्यांच्याद्वारें आमची परमेश्वरचरणीं प्रार्थना.