टोचणी आणि नोंदवही

जुन्नरजवळील हिवरे येथील सरकारी बागेमुळे डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांचे नाव वनस्पतिशास्त्रात राहिले. परंतु 1836 साली ते दख्खन-खानदेशात देवी टोचण्याच्या कामावर नेमले गेले होते, याचे स्मरण क्वचितच होते. त्या काळी एका मुलाच्या दंडावरील लस दुसऱ्यास टोचीत. आठव्या दिवशी आईने मूल परत आणून दाखविले, तरच फोड उठल्याची खात्री होई आणि लसही पुढे चाले. नोंदवही सरकारची खरी, पण तिचा खरेपणा आईच्या विश्वासावर अवलंबून असे.

1969 च्या कायद्याने जन्ममृत्यूची नोंद देशभर सक्तीची केली. 2023 च्या दुरुस्तीने ती संगणकावर आणली. तथापि आंबेगावच्या डोंगरवाडीत बारशापूर्वीच गेलेले अर्भक यंत्रास आपण होऊन दिसत नाही. ते कोणी तरी विश्वासाने सांगावेच लागते.