‘पॉझ’ : थांबणे, पण संपवणे नव्हे

जुन्या कॅसेट प्लेअरवर ‘स्टॉप’ आणि ‘पॉझ’ अशी दोन बटणे शेजारी शेजारी असत. ‘स्टॉप’ दाबले की आधी दाबलेले ‘प्ले’चे बटण खटकन वर येई आणि यंत्राचे काम संपे. ‘पॉझ’ दाबले तर ‘प्ले’चे बटण खालीच राही, फीत तेवढी जागच्या जागी थबके, ते बटण पुन्हा दाबताच गाणे जिथे अडले होते तिथून पुढे सुरू होई. ‘पॉझ’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ याहून नेमका सांगणे कठीण आहे. थांबणे आहे, पण काम हातातून सोडलेले नाही.

प्रथम उच्चार. अखेरीस ‘स’ किंवा ‘ज’ नसून ‘झ’सारखा घोषध्वनी आहे आणि आधीचा स्वर लांबट ‘ऑ’ आहे. छायाचित्रकारापुढे आपण देतो ती ‘पोझ’ वेगळी. दोघांची गल्लत मराठी बोलण्यात सर्रास होते. गंमत अशी, की हे दोन्ही शब्द मुळात भावंडेच आहेत. थांबणे या अर्थाच्या ग्रीक धातूपासून लॅटिनमध्ये ‘पाउसा’ हे नाम आले, त्यापासून ‘पॉझ’. आणि त्याच घराण्यातील लॅटिन क्रियापद फ्रेंचमधून फिरून येताना ‘ठेवणे, मांडणे’ असा अर्थ घेऊन आले, ती ‘पोझ’. ‘मेनोपॉझ’ या वैद्यकीय शब्दातही हेच ग्रीक मूळ आहे. मात्र तेथे थांबणे तात्पुरते नसते. म्हणूनच मराठीने त्यासाठी ‘विराम’ न घेता ‘रजोनिवृत्ती’ हा शब्द घेतला, हे योग्यच झाले.

‘पॉझ’ नाम आहे आणि क्रियापदही. क्रियापद म्हणून तो बहुधा माणसांना लागतो : बोलणारा, वाचणारा, चालणारा, काम करणारा ‘पॉझ’ करतो. ‘ही पॉझ्ड टू लुक ॲट द बोर्ड’ म्हणजे तो फलक पाहण्यासाठी क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला. येथे ‘स्टॉप्ड’ही चालते, पण ‘ही स्टॉप्ड लुकिंग’ म्हटले की अर्थ उलटतो, त्याने पाहणेच सोडून दिले. चित्रपट, गाणे, खेळ यांना आपण ‘पॉझ’ करू शकतो. रिक्षाचालकाला मात्र ‘प्लीज पॉझ द रिक्षा’ म्हणता येणार नाही. तेथे ‘स्टॉप’च हवे. रेल्वेगाडी स्थानकावर घेते तो ‘हॉल्ट’. कचेरीत चहासाठी उठतो तो ‘ब्रेक’, आणि नाट्यगृहात बटाटेवड्यांसाठी रांग लागते ते ‘इंटरव्हल’. या साऱ्यांची वेळ आधी ठरलेली असते. ‘पॉझ’ची सहसा नसते.

मराठीत ही जाण नाही असे मुळीच नाही. पंढरीच्या वाटेवर पालखी जिथे थोडा वेळ टेकते तो ‘विसावा’ आणि जिथे रात्र काढते तो ‘मुक्काम’. कोणताही वारकरी या दोहोंत गोंधळ करणार नाही. ‘जरा दम खा’, ‘उसंत घे’, ‘थबकला’, ‘थांबून थांबून बोलला’ असे किती तरी प्रयोग हाताशी आहेत. गोंधळ होतो तो ‘विराम’ या आपल्या लेखी शब्दात. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांच्या प्रयत्नांतून मराठी लेखनात विरामचिन्हे रुळली. तेव्हापासून वाक्यात श्वास घेण्यापुरता थांबतो तो स्वल्पविराम आणि वाक्य संपवतो तो पूर्णविराम. दोन्ही विरामच! विसावाही विराम आणि शेवटही विराम, अशी ही स्थिती आहे.

रंगभूमीने ही अडचण इंग्रजी शब्द जसाच्या तसा घेऊन सोडवली. ‘येथे पॉझ घे’ ही सूचना मराठी तालमींत रोज ऐकू येते. हॅरोल्ड पिंटर या इंग्रज नाटककाराने आपल्या संहितांत ‘पॉझ’ आणि ‘सायलेन्स’ या दोन निरनिराळ्या सूचना लिहिल्या. पहिलीत पात्राच्या मनातील विचार चालूच असतो, दुसरीत सारे ठप्प होते, असा त्यातील फरक दिग्दर्शक समजावून देतात. अटलबिहारी वाजपेयी यांची भाषणे ऐकलेल्यांना व्यासपीठावरील ‘पॉझ’चे सामर्थ्य वेगळे सांगायला नको. शब्दाविना बरेच काही सांगून जाणाऱ्या अशा थांबण्याला इंग्रजीत ‘प्रेग्नंट पॉझ’ म्हणतात. ‘गिव्ह पॉझ’ म्हणजे एखाद्या गोष्टीने माणसाला विचारात पाडणे, पाऊल टाकण्याआधी थबकायला लावणे. हा प्रयोग हॅम्लेटच्या प्रसिद्ध स्वगतामुळे रूढ झाला.

या शब्दाचा अर्थ चुकला तर खरी किंमत मोजावी लागते ती बातम्यांत. रिझर्व्ह बँकेने मे 2022 पासून रेपो दर एकूण अडीच टक्के वाढवून 6.50 टक्क्यांवर नेला आणि एप्रिल 2023 मध्ये वाढ रोखली. हा ‘पॉझ’ आहे, धोरणाची दिशा बदललेली नाही, असे तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी तेव्हाच स्पष्ट केले होते. तरीही गृहकर्जाचे हप्ते फेडणाऱ्या अनेकांनी ‘आता व्याज उतरणार’ असाच अर्थ घेतला. दर 0.25 टक्क्याने खाली आला तो थेट फेब्रुवारी 2025 मध्ये. म्हणजे ‘पॉझ’नंतर आधीचेच पुढे चालू होईल याची हमी नसते, पण काही संपले असेही त्यात नसते. निर्णय राखून ठेवलेला असतो, इतकेच.

गाझातील युद्धात हा भेद जीवनमरणाचा ठरला. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 15 नोव्हेंबर 2023 रोजी संमत केलेल्या 2712 क्रमांकाच्या ठरावात ‘सीझफायर’ची मागणी नव्हती; मागणी होती ती ‘ह्युमॅनिटेरियन पॉझेस’ची. अन्न, औषधे आणि जखमी यांना वाट मिळावी एवढ्यापुरती लढाई काही दिवस थांबवावी, असा त्याचा आशय. कोणता शब्द घालावा यावर देशोदेशींच्या मुत्सद्द्यांनी आठवडेच्या आठवडे वाद घातला होता, आणि तो निव्वळ शब्दच्छल नव्हता. 24 नोव्हेंबरला तोफा थांबल्या आणि 1 डिसेंबरच्या सकाळी पुन्हा सुरू झाल्या. अशा वेळी ‘पॉझ’ला ‘युद्धबंदी’ म्हटले, तर लढाई मिटली असा वाचकाचा समज होतो आणि आठवड्याने तीच लढाई पुन्हा पेटल्याचे वाचून कोणी तरी करार मोडला असे त्याला वाटू लागते. ‘युद्धविराम’ हा शब्द अर्थाने जवळचा असला, तरी तो ‘सीझफायर’साठी आपल्याकडे आधीच मुक्रर झाला आहे. त्यामुळे चार शब्द अधिक खर्चून ‘मदतकार्यापुरती तात्पुरती थांबवलेली लढाई’ असे लिहिणेच बरे. मथळ्याच्या जागेत ते बसत नाही, ही अडचण मान्य करूनही.