जगायला गेलेल्यांची भरपाई: जव्हार-मोखाडा आणि १९२३चा कायदा

जव्हार आणि मोखाडा या पालघर जिल्ह्यातील डोंगरी तालुक्यांतून वारली, कोकणा, ठाकूर आणि कातकरी कुटुंबे भातकापणी उरकल्यावर भिवंडी, वसई, कल्याण या भागांतील वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर ‘जगायला’ जातात व पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. या स्थलांतराचा विचार भूक, कुपोषण आणि मजुरी यांच्या अंगाने पुष्कळ झाला आहे. मात्र कामावर हात गेला किंवा जीव गेला तर भरपाई कोणी द्यायची, या प्रश्नाचा इतिहास दुर्लक्षित राहिला, आणि त्याचे कायदेशीर उत्तर शंभर वर्षांहून जुने असल्याने हे दुर्लक्ष अधिक खटकते.

ते उत्तर म्हणजे १ जुलै १९२४ रोजी अमलात आलेला १९२३चा कामगार नुकसानभरपाई कायदा होय. त्यापूर्वी जखमी मजुराला मालकाची चूक सिद्ध करावी लागे, आणि अपघात सोबतच्या मजुराच्या हलगर्जीमुळे झाला असे दाखवता आले की मालक मोकळा होई. नव्या कायद्याने चुकीचा प्रश्न बाजूला ठेवला आणि अपघात कामामुळे व काम चालू असताना झाला एवढे दिसले की, काही अपवाद सोडता, भरपाई देणे मालकावर बंधनकारक केले. मात्र हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. मोखाडा तेव्हा ब्रिटिश अमलाखालील ठाणे जिल्ह्यात असल्याने त्याच्या कक्षेत आला, तर शेजारचे जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत या कायद्याच्या हद्दीबाहेर होते. म्हणजे एकाच डोंगररांगेत झालेल्या दोन अपघातांना दोन वेगळे न्याय लागू होते.

हद्दीच्या आत असूनही बहुतेक आदिवासी मजूर सुटलेच, कारण कायदा परिशिष्टात नोंदलेल्या धंद्यांनाच लागू होता आणि हाताने केली जाणारी साधी शेती त्यात नव्हती. विळ्याने गवत कापणारा वारली त्यात बसत नव्हता. मालकाच्या धंद्याशी संबंध नसलेले नैमित्तिक काम करणाराही वगळलेला असल्याने शेठच्या घराची डागडुजी करताना पडलेल्या माणसाला काही मागता येत नसे. शिवाय त्या काळी ठाणे जिल्ह्यात लग्नगडी ही पद्धत रूढ होती: लग्नासाठी कर्ज काढणारा माणूस ते फिटेपर्यंत सावकाराकडे राबे आणि त्याची बायकोही त्यात बांधली जाई. सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याने १९३९च्या अहवालात या गुलामीची नोंद केली आणि १९४५ मध्ये किसान सभेच्या गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी ती उलथवली. ज्याची मजुरीच कर्जात वळती होते त्याची भरपाई कोणत्या वेतनावर मोजायची, या प्रश्नाला १९२३च्या कायद्यात जागा नव्हती.

घरापासून दूर जखमी होणाऱ्याची अडचण कायदेकर्त्यांना मुळीच कळत नव्हती, असे मात्र म्हणता येत नाही. याच कायद्याच्या १५व्या कलमात खलाशांसाठी स्वतंत्र तरतूद होती: अपघाताची सूचना मालकाऐवजी जहाजाच्या कप्तानाला दिली तरी चाले, मृत्यूच्या दाव्याची मुदत घरच्यांना बातमी कळल्यापासून मोजली जाई, आणि परदेशात वकिलातीच्या अधिकाऱ्यासमोर झालेली साक्ष पुरावा म्हणून स्वीकारता येई. बोटीवरच्या माणसाचे साक्षीदार दुसऱ्याच बंदरावर उतरून पांगतात, हे ओळखूनच ही सोय केली गेली. हंगाम संपताच वीटभट्टीवरची माणसेही तशीच पाड्यापाड्यांत पांगतात, पण त्यांच्यासाठी असे कलम कोणी लिहिले नाही, आणि ही उणीव अजाणतेपणाची नसून प्राधान्याची होती असेच म्हणावे लागते.

१९२३च्या कायद्यात अशा मजुराच्या बाजूने दोन तरतुदी होत्या. बाराव्या कलमानुसार मुकादमामार्फत आणलेल्या मजुराची भरपाई मूळ मालकाकडून मागता येई. आठव्या कलमानुसार मृत्यूची भरपाई या कायद्याखाली नेमलेल्या आयुक्तांकडे जमा करावी लागे, म्हणून विधवेच्या हाती रोख रक्कम टेकवून प्रकरण मिटवले तरी कायद्याच्या दृष्टीने भरपाई दिलेली ठरत नसे. पण मजूर उचल घेऊन, म्हणजे हंगामाआधीच मजुरीपोटी रक्कम घेऊन, गेलेला असतो, हिशेब मुकादमाच्या वहीत असतो, आणि भट्टीमालकाचे पूर्ण नावही कुटुंबाला पुष्कळदा माहीत नसते. १९७९च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने कंत्राटदारावर गंभीर अपघाताची खबर दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना व नातेवाइकांना देण्याचे बंधन घातले. तथापि तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांनाच लागू होता, त्यामुळे गुजरातमधील वापीला गेलेला मजूर त्याच्या कक्षेत येऊ शके आणि भिवंडीला गेलेला त्याचा भाऊ येत नसे.

खरा पालट १९९५च्या दुरुस्तीने झाला. तोवर दावा अपघात जिथे घडला त्या भागातील आयुक्तांकडेच करावा लागे, म्हणजे मोखाड्यातील विधवेला पदरची मजुरी बुडवून परक्या शहराच्या खेपा घालाव्या लागत. ७२ वर्षांनंतर दावेदार जिथे राहतो तिथेही दावा दाखल करण्याची मुभा मिळाली. २०००च्या दुरुस्तीने नैमित्तिक कामाचा अपवाद काढून टाकला. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घर आणि कामाची जागा यांमधील प्रवासातील अपघातही कामावरचा मानला, मात्र त्यासाठी अपघाताची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दाखवावा लागतो. मुकादमाच्या टेम्पोतून दिवाळीनंतर भट्टीकडे निघालेल्या कुटुंबाचा प्रवास या व्याख्येत बसतो की नाही, हे मुकादमाची वही न्यायालयापुढे येते की नाही यावरही अवलंबून राहील.