इटालियन ग्रेहाउंड

इटालियन ग्रेहाउंड (इटालियन नाव: पिक्कोलो लेव्रिएरो इतालियानो) ही कुत्र्यांची एक लहान जात आहे. वासापेक्षा नजरेच्या बळावर सावज हेरून त्याचा वेगाने पाठलाग करणाऱ्या शिकारी कुत्र्यांच्या गटात ही जात सर्वांत लहान मानली जाते. दख्खनमधील कारवान व मुधोळ ही कुत्री याच गटातील असून खोल छाती, आत ओढलेले पोट आणि निमुळते डोके हे साम्य चटकन लक्षात येते. मात्र इटालियन ग्रेहाउंड हा शतकानुशतके मुख्यतः सोबतीसाठी पाळला गेला आहे.

इतिहास

आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या (एफसीआय) जातिमानकात या जातीचे मूळ प्राचीन इजिप्तमध्ये सांगितले असून ती ग्रीसमार्गे इटलीत आली, असे म्हटले आहे. भूमध्य समुद्राच्या परिसरातील प्राचीन कलेत अशी कुत्री दिसत असली, तरी त्यांच्यापासून आजच्या कुत्र्यांपर्यंतची सलग वंशावळ सिद्ध करता येत नाही. ‘इटालियन’ हे नाव रूढ होण्यास प्रबोधनकाळात इटलीच्या दरबारांत मिळालेली लोकप्रियता कारणीभूत ठरली. पुढे ही कुत्री युरोपभर पसरली. पॉल व्हान सोमर याने १६१७ मध्ये काढलेल्या इंग्लंडच्या राणी ॲनच्या चित्रात तिच्या पायांशी हीच कुत्री दिसतात.

प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक (१७१२–१७८६) हा या जातीचा सर्वांत प्रसिद्ध चाहता होय. १७४५ मधील सोरच्या लढाईत राजाच्या सामानाची लूट झाली, तेव्हा त्याची लाडकी कुत्री बीश शत्रूच्या हाती लागली. ती नंतर परत करण्यात आली. पॉट्सडॅम येथील सांसुसी राजवाड्याच्या गच्चीवर आपल्या कुत्र्यांशेजारी आपल्याला पुरावे, अशी त्याची इच्छा होती. वारसाने ती मानली नाही व राजाला त्याच्या वडिलांशेजारी चर्चमध्ये पुरले. अखेर १७ ऑगस्ट १९९१ रोजी त्याचे अवशेष सांसुसी येथे आणण्यात आले.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये कुत्रा जितका इवलासा तितका चांगला, ही समजूत या जातीला महागात पडली. आकार घटवण्यासाठी टेरिअरसारख्या जातींशी संकर केले गेले आणि त्यातून गोल डोक्याची, बेढब व अशक्त पिल्ले जन्मू लागली. मूळ ठेवण पुन्हा साधण्यास पैदासकारांना बराच काळ लागला. दोन महायुद्धांत युरोपातील संख्या रोडावली, तेव्हा अमेरिकेतील कुत्र्यांचा आधार मिळाला. तेथे या जातीची नोंदणी १८८६ पासून होत होती.

स्वरूप व स्वभाव

एफसीआयच्या मानकानुसार उंची ३२ ते ३८ सेंमी व वजन जास्तीत जास्त ५ किग्रॅ असते. अंगावरचे केस आखूड, मऊ असतात. एफसीआयला काळा, राखाडी व फिकट पिवळसर हे एकरंगच मान्य असून पांढरा रंग केवळ छाती व पायांवर चालतो. अमेरिकेत मात्र पांढरे पट्टे असलेली कुत्रीही मान्य आहेत.

हा कुत्रा मालकाला चिकटून राहणारा, पांघरुणात शिरून झोपणारा आणि अनोळखी माणसांपासून काहीसा अंग चोरणारा असतो. दरडावल्यास तो बुजतो. पाठलागाची उपजत वृत्ती मात्र शाबूत आहे: खार किंवा मांजर दिसताच तो धाव घेतो आणि हाकेला दाद देत नाही. त्यामुळे कुंपण नसलेल्या जागी त्याला साखळीशिवाय सोडू नये.

निगा व आरोग्य

केसांची निगा अगदी सोपी आहे. खरी काळजी हाडांची घ्यावी लागते. पुढच्या पायांची हाडे लांब व बारीक असल्याने सोफ्यावरून मारलेल्या उडीनेही ती मोडू शकतात. वर्षाच्या आतील पिल्लांना हा धोका अधिक असतो. लहान मुलांनी पिल्लाला जमिनीवर बसूनच मांडीवर घ्यावे.

दातांचे व हिरड्यांचे विकारही नेहमीचे असल्याने दात नियमित घासावे लागतात. दातांवरील आवरण सदोष राहण्याचा एक आनुवंशिक विकारही या जातीत आढळतो. त्यासाठी जनुकीय चाचणी उपलब्ध आहे. अंगावर चरबी नसल्याने थंडी सोसत नाही, आणि पावसात बाहेर पडण्यास ही कुत्री नाखूश असल्याने ठरावीक जागी विधी करण्याची सवय लावताना पुष्कळ धीर धरावा लागतो. या गटातील कुत्र्यांच्या शरीरातून भुलीच्या काही औषधांचा, विशेषतः थायोपेंटलचा, अंमल सावकाश उतरतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी पशुवैद्यकाला जातीची कल्पना द्यावी. आयुर्मान साधारणतः १२ ते १५ वर्षे असते.